एक्कावन सालची पिळणी

स्कार्व्ही,
११ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप गिबदादास,

धाकट्या एल्सीचा शि. सा. न. वि. वि. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग तू मनातच घालून घे.)

तुझं पत्र पोचलं. नात सायकलवरून पडली हे वाचलं. हाड मोडलं नाही ना? मग पडू दे. आपण दोघं धक्क्यावरून जितक्या वेळा पडलो, ते मोजत बसली असती तर आईच्या हातून चूल पेटली नसती.

इकडे सगळं जिथल्या तिथे. मासे साफ करायला आठवड्यातून तीन दिवस शेडमध्ये जाते. हात अजून झरझर चालतो. तोंडाचं म्हणशील तर ते कागदावरच चालतं, घराबाहेर ते उघडलेलं बघायचं तर दुर्बीण आणावी लागेल. फोन करू नकोस म्हणते ते त्यासाठीच. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून ती टेलिफोनवाली इंग्रजी निघते आणि ती ऐकून माझं मलाच कसंतरी होतं. धुण्याच्या टोपलीचा पट्टा तुटला होता. जुनी शाळा पाडली तेव्हा भंगारात चामड्याचा एक पट्टा मिळाला, तो लावून घेतला. चांगला मजबूत आहे.

आता मुद्द्याचं. बसून वाच. टेकडीवरची इस्टेट दक्षिणेकडच्या कुणा ट्रेहर्नने घेतली. त्याला आपल्या धुण्याच्या वाळवणीच्या माळावर सुट्टीवाल्यांसाठी चाळीस बंगले बांधायचेत. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. आपल्याला दोनशे वर्षं दिसतोय, त्याचं कुणाला कौतुक नाही!

गावाने वकील केलीय, मिस ऑगिल्वी. पोरगी तरुण आहे, पण चलाख. तिने जुना दस्तऐवज वाचून दाखवला. माळ गावच्या बायकांचा, पण कुठवर, तर दर मे महिन्यात पहिल्या सोमवारी त्या ओली चादर घेऊन माळाला फेरी घालतील, चारही दगडांवर ती पिळतील आणि पिळणाऱ्यांची नावं मोठ्याने पुकारतील तोवर. एक साल चुकलं की माळ इस्टेटीचा. ट्रेहर्नचा वकील म्हणतो, एक्कावन साली पिळणी झालीच नाही. बंदरकचेरीच्या वहीत त्या वर्षाचं पान समुद्राच्या पाण्यात धुऊन गेलंय, एक अक्षर लागत नाही.

झाली होती रे. बाबांची होडी जानेवारीत बुडाली, चौदा माणसं गेली, गावात दाराबाहेर पडायची कुणाची इच्छा नव्हती, तरी सात जणी गेल्या. तुला तेव्हा सातासमुद्रापलीकडे जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आईने तुला सगळं सविस्तर लिहिलं होतं. ते लिहीत असताना मी तिच्यासमोर बसून वाटाणे सोलत होते. ते पत्र तुझ्याकडे आहे का? तू कागद टाकत नाहीस, ही तुझी खोड एकदा तरी गावाच्या कामी येऊ दे. माळ गेला तर आपलं स्कार्व्ही म्हणजे नुसती घरांची रांग उरेल.

लोभ धुऊन, वाळवून, घडी घालून पाठवते आहे. परतीचा तसाच यावा.

तुझी,
एल्सी


डनीडन,
३० नोव्हेंबर १९८६

चि. एल्सी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि कंबरेसाठी एक जास्तीचा.

पत्र सापडले. आईने जानेवारीतील बातमी कळवली होती आणि नंतर पिळणीची, ती दोन्ही पत्रे मी एकत्र बांधून ठेवली होती. सोबत मूळ प्रत रजिस्टरने पाठवीत आहे. तारीख ठळक आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्काही आहे. मुख्याध्यापकाच्या नोकरीत कागद जपण्याची सवय लागली ती अशी उपयोगी पडली.

एक अडचण तुझ्याही लक्षात येईल. आईने सातही जणींची नावे लिहिली आहेत, पण ती हाकेची. खेकडी, कालवी, लॅटिन, बाटली, राणी, स्वतः ती म्हणजे चिमूट, आणि सातवी मुकी. ज्या गावात नव्वद घरे फिंडले आडनावाची आणि घरटी एक मार्गारेट, तिथे आईने दुसरे लिहावे तरी काय? पण कोर्टाला हे समजेल का, याची मला शंका वाटते.

सातवे नाव पुन्हा वाचले, आता एक गोष्ट लिहायलाच हवी. पुढचे लिहायला मला अठ्ठेचाळीस वर्षे लागली आहेत, तेव्हा रागावून अर्ध्यात ठेवू नकोस. तू सात वर्षांची होतीस, मी नऊचा. वर्गाच्या खिडकीत समुद्रपक्षी येऊन बसला आणि कुणीतरी त्याला आपल्या बोलीत हाक मारली. मास्तर फळ्याकडून वळले आणि त्यांनी विचारले की हे गावठी कोण बोलले. बोललो होतो मी. बोट दाखवले तुझ्याकडे. तुझ्या दोन्ही हातांवर पट्टा बसला आणि तू त्यानंतर नाताळपर्यंत कुणाशी बोलली नाहीस. गावाने तुला मुकी म्हटले. मी त्या दिवसापासून तोंडातून गावठी शब्द जाऊ दिला नाही, तर गावाने मला इंग्रज म्हटले. ते नाव मला लागायचे, कारण ते खरे होते. विसाव्या वर्षी मिळालेल्या पहिल्या जहाजाने निघालो. बाबा गेले तरी परत आलो नाही. पुढे माझ्या शाळेत मी कधी पट्टा वापरू दिला नाही, पण त्याने तुझे हात काही बरे झाले नाहीत.

याचे उत्तर दिले नाहीस तरी चालेल. पत्र मात्र मिस ऑगिल्वींना लगेच दे.

तुझा मोठा भाऊ, म्हणवून घेण्याची लाज वाटते तरीही,
गिल्बर्ट


स्कार्व्ही,
५ जानेवारी १९८७

ती. गिबदादास,

शि. सा. न. वि. वि., आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पाहुण्याने आणायचा शकुनाचा कोळसा तुझ्याही उंबऱ्यावर पडो. (आमच्याकडे यंदा पहिलं पाऊल खेकडीच्या नातवाचं पडलं. कोळसा आणायला विसरला मेला, परत पिटाळला.)

आईचं पत्र मिळालं. अक्षर बघून शेगडीपाशी बसून रडले, मग उठून ओटचे रोट भाजले. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल मी आज काही लिहीत नाही. आधी माळ.

तू म्हणालास तेच झालं. ट्रेहर्नचा एडिंबरचा वकील मिस ऑगिल्वीला म्हणाला की बाई, ही साक्षीदारांची यादी आहे की मासळीबाजाराची? खेकडी, कालवी, बाटली! या नावाची माणसं कुठल्या नोंदवहीत दाखवा. तो इथे माळ बघायलाही आला होता. छान कोट घातलेला. धक्क्यावर उभा राहून त्याने विचारलं की इथे ताजा सामन कुठे मिळेल. तो शब्द धक्क्यावर! अपशकुन टळावा म्हणून सगळेच्या सगळे लोखंडी कठड्याला जाऊन चिकटले. कोळ्याच्या तोंडी नाव न घेण्याचा मासा, आणि हा खुशाल मोठ्याने विचारतोय. त्याला वाटलं, गावाला झटका आला.

मिस ऑगिल्वी म्हणते, त्या सातांपैकी कुणी हयात असेल तर तिने उभं राहून या प्रत्येक नावामागची बाई कोण ते सांगायला हवं. ऐकीव चालणार नाही, स्वतः पिळणीला होती अशीच हवी. मग तिने शेडमध्ये येऊन सगळ्यांना विचारलं की ही मुकी कोण, जिवंत आहे का. आणि दादा, एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. सुऱ्या चालू राहिल्या. हाकेचं नाव परक्यासमोर तोंडावर घ्यायचं नाही ही रीत पाळली त्यांनी, माझी लाज राखली. मीही मान खाली घालून हॅडॉक सोलत राहिले. पोरगी बिचारी हात हलवत गेली.

सहाही जणी देवाघरी गेल्या, उरले ती मी एकटी. मला वाटलं होतं कागद बोलेल, मला बोलावं लागणार नाही. मी कोर्टात उभी राहू? ती टेलिफोनवाली इंग्रजी मला दोन वाक्यांवर पुरत नाही, आणि आपली बोली चार परक्या माणसांसमोर काढायची म्हटलं की आजही तळहात झोंबतात. नाही उभी राहिले तर माळ जातो. तारीख सव्वीस फेब्रुवारीची आहे. तू शिकलासवरलास, सांग मी काय करू.

लोभ ओलाच आहे, ऊन पडलं की वाळेल.

एल्सी


डनीडन,
२४ जानेवारी १९८७

चि. एल्सी,

अ. उ. आ. सगळेच्या सगळे, काही हातचे न राखता.

मी शिकलो ते तुझ्या जिवावर, तेव्हा सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. तरी विचारलेस म्हणून सांगतो. त्या सात जणींची नावे त्या वर्षी दगडावर पुकारली गेली. आज ती पुकारू शकेल अशी तू एकटीच आहेस. तू गप्प राहिलीस तर पट्टा मारणारे मास्तर जिंकले आणि बोट दाखवणारा मीही जिंकलो. आम्हाला जिंकू देऊ नकोस गं!

इंग्रजी तोडून मोडून बोलू नकोस. आई जशी हाक मारायची तशी बोल. पत्र लिहिताना तुझी जीभ कशी सुटते ते मी सदतीस वर्षे वाचतो आहे. मुकी म्हणे! तुझी पत्रे वजन करून पाठवायची तर टपाल खात्याला आणखी एक जहाज घ्यावे लागेल.

मिस ऑगिल्वींना आजच जाऊन सांग. मग भीती वाटली तर सांगून झाल्यावर वाटू दे.

तुझा,
गिब


स्कार्व्ही,
५ मार्च १९८७, गुरुवार

गिबदादा रे!

शि. सा. न., दंडवत, लोटांगण, काय हवं ते घे! माळ आपला! आज दुपारी निकाल लागला. घसा बसलाय, घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आता पहिल्यापासून सांगते. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मिस ऑगिल्वीकडे गेले. मी म्हटलं, मुकी मी. तर ती म्हणाली, त्या दिवशी माझ्यासमोर बसून मासे सोलत होतात ना हो! म्हटलं, हो, पण तुम्ही माझं नाव कुठे विचारलंत.

तारखेला सगळं गाव दोन बसगाड्या भरून गेलं. सुरुवातच अशी झाली, की शिपायाने मार्गारेट फिंडले म्हणून पुकारा केला आणि अकरा बायका उठून उभ्या राहिल्या. त्याने पुन्हा नीट वाचलं, मार्गारेट ॲन फिंडले. तर चार बसल्या, सात उभ्याच. जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला. थोड्या वेळाने ट्रेहर्नचा वकील चराईच्या हक्काबद्दल बोलता बोलता डुक्कर म्हणाला, तोही आपल्यात अपशकुनी शब्द, आणि सगळ्या गॅलरीने धडाधड बाकांच्या लोखंडी पायांना हात लावला. जज्जांनी विचारलं की भूकंप झाला काय!

मग मला बोलावलं. मी टेलिफोनवाल्या इंग्रजीत सुरू केलं आणि दुसऱ्या वाक्याला शब्द संपले. ती वर्गातली शांतता पुन्हा कानात बसली. जज्ज माणूस कडक, हसणारा नव्हे. तो म्हणाला की बाई, ही जी काय भाषा चाललीय ती तुम्हालाही येत नाही नि मलाही कळत नाही. तुम्हाला येते ती बोला, अडलं तर मी विचारीन.

मग सुटले. खेकडी म्हणजे जीन फिंडले, उतरणीवरचं तिसरं घर, कमरेतून गेली होती म्हणून तिरकी चालायची. दोन मुलगे त्या होडीवर होते, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्याबरोबर तिने धरलं होतं. कालवी मिनिटाला चाळीस कालवं फोडायची, तिच्या बोटांवरचे वळ अजून डोळ्यांपुढे आहेत. लॅटिनच्या बापाने एकदा थडग्यावरचं लॅटिन मोठ्याने वाचलं आणि भलतंच वाचलं, तेव्हापासून सगळं घर लॅटिन. बाटलीने जन्मात थेंब घेतला नाही, तिच्या आजोबांना किनाऱ्यावर चिठ्ठीची बाटली सापडली होती. राणीने रस्त्याने चाललेल्या कुणा बड्या गाडीला हात केला, आतून हात हलला, ते ती मरेपर्यंत सांगत राहिली. आणि चिमूट माझी आई. शालीत एवढी लहानशी होती, की बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांना ती दिसलीच नाही. प्रत्येकीचं घर सांगितलं, माणसं सांगितली, थडगं कुठल्या ओळीत ते सांगितलं. कोण कुठल्या दगडापाशी रडलं तेही सांगितलं. पुरुषांच्या अंगात ओल्या चादरीची टोपली उचलायचं त्राण नव्हतं म्हणून ती आम्हीच उचलली, हे सांगताना गॅलरीतले म्हातारे खाली बघायला लागले. कारकुनाने विचारलं की हे शब्द लिहायचे कसे. म्हटलं, आजवर कुणी लिहिले नाहीत, तुम्ही पहिले, ऐकू येतील तसे लिहा. पाऊण तास बोलले रे मी! पाणीसुद्धा मागितलं नाही.

एडिंबरचा वकील उठला. माझ्या साक्षीच्या कागदावर एल्स्पेथ फिंडले एवढंच नाव होतं, आणि आपली बोली त्याला निम्मी कळलीच नव्हती, पुढचं कुठून माहीत असणार? तो म्हणाला की बाईंनी सहा जणी छान सांगितल्या, सहाही सोयीस्करपणे मृत. सातवीचं काय? ती हयात असती तरी नावावरून दिसतं की तिने साक्ष काय दिली असती! आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मी जज्जांकडे वळून म्हटलं, व्हय सायेब, मुकी मीच. आत्ता पाऊण तास बोलली ती.

अरे, काय ओरडले लोक! शिपाई हातोड्यासारखं दार आपटत होता, तरी कुणी ऐकेना. वकिलाचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं, काढायला विसरला.

जज्जांनी विचारलं की हे नाव तुम्हाला का पडलं. मी सांगितलं, आत्ता तुमच्यासमोर बोलले त्याच बोलीसाठी शाळेत पट्टे खाल्ले, मग काही दिवस बोलले नाही. त्यांनी विचारलं की बोललात म्हणून शिक्षा झाली? मी म्हटलं, बोललं दुसरंच पोर, बोट दाखवलं माझ्याकडे. ते पोर कोण, हे मात्र मी सांगणार नाही. जज्ज म्हणाले, नका सांगू.

आजच्या निकालात त्यांनी लिहिलंय, की ज्या नोंदवहीत अकरा मार्गारेट फिंडले सापडतात तिच्यापेक्षा ही नावं माणूस ओळखायला जास्त भरवशाची आहेत. पिळणी झाली, माळ गावाचा, कायमचा. बस गावात शिरली आणि कुणी सांगितलं नाही की ठरवलं नाही, प्रत्येक घराने होतं नव्हतं ते सगळं धुवायला काढलं. गुरुवारी धुणं काढणाऱ्या बाईला आळशी म्हणणारं आपलं गाव! संध्याकाळपर्यंत माळ चादरी, शर्ट, लंगोटांनी असा भरून फडफडत होता, की टेकडीवरच्या खिडकीतून समुद्र दिसायचं नाव नाही.

आता तुझं दुसरं पान. वेड्या, मला तेव्हाच माहीत होतं. तुझा आवाज मला पाठीमागूनही कळायचा, आजही कळेल. तुझ्यावर राग होता तो मोठा होता, नऊ-दहा वर्षं पुरला. तू बोटीत बसलास त्या दिवशी धक्क्यावर उभी राहून मी तो शोधत होते, तर तो सापडेना. तुला हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, गप्प राहिले. तेवढं माझं चुकलं.

लोभ आज मोजून पाठवत नाही. मावेल तेवढा घे.

तुझी,
मुकी


डनीडन,
२१ मार्च १९८७

लाडक्या मुकीस,

आशीर्वाद कुठले, आज माझाच तुला वाकून नमस्कार.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. आपल्या बोलीत वाचलं. पहिल्या ओळीला जीभ अडखळली, मग बघता बघता लागली की चालायला. नातीने विचारलं, आजोबा, हे कुणासारखं बोलताय? म्हटलं, माझ्यासारखं. मग तिला माझं हाकेचं नाव सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. आता घरात मला तीच हाक आहे.

तिकीट काढलं आहे. एप्रिलच्या अखेरीस पोचतो. पिळणीला टोपली उचलायला पुरुष लागतो ना? एक्कावन साली उचलायला मी नव्हतो. यंदा ती दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

लोभ स्वतः घेऊन येतो आहे.

तुझा,
इंग्रज


स्कार्व्ही,
२ एप्रिल १९८७

ती. इंग्रजदादास,

शि. सा. न. वि. वि. प्रत्यक्ष, आल्यावर.

टोपली तुझीच. गावाला कळवलं, तर पहिल्यांदा सगळे हसले, मग कालवीच्या लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली की एवढ्या लांबून माणूस येतो, चादर जरा जाड घ्या, चांगली जड भिजू दे. घेतलीय. लोकरीचे मोजे आण, माळावरचा वारा तुझी ओळख विसरला असेल. येताना विमानात कुणाला इंग्रजी झाडू नकोस, जीभ तापती ठेव. चौथ्या दगडावर बायकांची नावं झाली की टोपलीवाल्याचंही पुकारतात, विसरला नसशील. सगळं गाव मिळून पुकारेल आणि तुला हो म्हणायचं आहे, आपल्या बोलीत, मोठ्याने, टेकडीवर ऐकू जाईल असं.

टोपलीचा पट्टा नवा लावलेला नाही. जुन्या शाळेच्या भंगारातला आहे, हे मी तुला नोव्हेंबरात लिहिलं होतं. हातात घेतलास की ओळखशील. मास्तरांच्या कपाटातला तोच तो. तो आता आपली चादर वाहतो. पहिल्या दगडापर्यंत तो तुझ्या खांद्याला रुतेल. रुतू दे. पुढचे तिन्ही दगड दुसरी कडी मी धरीन.

वाट बघते आहे.

तुझी,
मुकी